सॉफ्टवेअर इंजिनिअरची मेडिकल एआय कंपनी: मॉडेलच्या आधी एक वाक्य

पायथन हातात बसलंय, डीप लर्निंगची एक-दोन मॉडेलं स्वतः ट्रेन केली आहेत, नोकरी बरी चालली आहे आणि तरी 'आरोग्य क्षेत्रात काहीतरी उभं करावं' हे डोक्यातून जात नाही, अशा इंजिनिअरसाठी हा लेख आहे. गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइड्स कशा कराव्यात हे इथे मिळणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेडिकल एआयमध्ये मॉडेल हा कामाचा लहान भाग आहे. कंपनीचं भवितव्य ठरतं एका वाक्यावर: हे सॉफ्टवेअर कोण, कुठल्या रुग्णासाठी, कुठे आणि काय ठरवायला वापरणार? नियमांच्या भाषेत याला 'इंटेंडेड यूज' म्हणतात. लायसन्स कुठल्या वर्गाचं, डेटा किती आणि कसला, चाचणी केवढी, पैसे कोण देणार, हे सगळं त्या वाक्यातून निघतं. बहुतेक जण ते वाक्य लायसन्सचा फॉर्म भरायला बसल्यावर लिहितात, आणि तोवर दीड-दोन वर्षांचा डेटा भलत्याच रुग्णांचा गोळा झालेला असतो.

उदाहरण म्हणून छातीच्या एक्स-रेवर टीबीची शंका दाखवणारं सॉफ्टवेअर घेतो. त्याच कामात उतरा असा सल्ला नाही. मुंबईची क्युअर डॉट एआय २०१६ पासून या क्षेत्रात आहे आणि बाहेरच्या कंपन्याही आहेत. पण टीबीची आकडेमोड उघड आहे आणि आजार आपल्या गल्लीतला आहे, म्हणून समजायला सोपं.

पायरी १: लॅपटॉप बंद करून एक्स-रे रूममध्ये बसा

ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीने तालुक्याच्या ठिकाणचं एखादं हॉस्पिटल गाठा. ओपीडीच्या वेळेत एक्स-रे रूमच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसा आणि फक्त बघा. रुग्ण केस पेपर घेऊन येतो. टेक्निशियन रजिस्टरमध्ये नाव लिहितो, मग तेच नाव मशीनच्या कीबोर्डवर घाईत टाइप करतो. गर्दी असेल तर वय टाकायचं राहून जातं. श्वास रोखून धरा म्हटल्यावर आजोबा नेमके तेव्हाच खोकतात. प्लेट पुन्हा घ्यायला वेळ नसतो, ती तशीच पुढे जाते. रेडिओलॉजिस्ट हॉस्पिटलात असतोच असं नाही. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मेडिकल ऑफिसर बघतो, किंवा तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर शहरात जातो आणि दोन ओळींचं उत्तर परत येतं.

हे बघताना तीन गोष्टी टिपून ठेवा. निर्णय नक्की कोण घेतं? एक्स-रे काढल्यापासून निर्णयापर्यंत किती वेळ जातो? आणि 'शंकास्पद' म्हटल्यावर पुढे काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असेल, म्हणजे थुंकीची तपासणी तिथे होत नसेल आणि रुग्णाला जिल्ह्याला जायला सांगितल्यावर तो घरीच जात असेल, तर तिथे तुमच्या मॉडेलचा उपयोग शून्य आहे. कदाचित खरा धंदा थुंकीचा नमुना वेळेत पोचवण्यात असेल. तसं दिसलं तर तेही मोकळ्या मनाने बघा.

पायरी २: ते वाक्य लिहा

कच्चं वाक्य असं असतं: 'आमचं एआय एक्स-रेवरून टीबी ओळखतं.' यातून काहीच कळत नाही. कामाचं वाक्य असं: 'रेडिओलॉजिस्ट नसलेल्या सरकारी तपासणी शिबिरात, १५ वर्षं व त्यावरील व्यक्तींच्या समोरून घेतलेल्या डिजिटल छातीच्या एक्स-रेवर फुफ्फुसाच्या टीबीची शंका दाखवणे, जेणेकरून कोणाची थुंकी मॉलेक्युलर चाचणीसाठी घ्यायची हे आरोग्य कर्मचाऱ्याला ठरवता येईल.'

(मॉलेक्युलर चाचणी म्हणजे थुंकीत टीबीच्या जंतूचे जनुकीय अंश शोधणारी लॅबची तपासणी.) यातला प्रत्येक शब्द खर्च वाढवतो किंवा वाचवतो. १५ वर्षं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीच्या स्क्रीनिंगसाठी माणसाऐवजी संगणकाने एक्स-रे वाचायला मान्यता दिली, ती १५ वर्षं व त्यावरील वयासाठी. लहान मुलांचा टीबी एक्स-रेवर वेगळा दिसतो. 'मुलंही घेऊ या' म्हणालात की डेटा, चाचणी, संमती सगळं नव्याने. 'समोरून घेतलेल्या' म्हटल्यामुळे खाटेवर झोपवून घेतलेले पोर्टेबल एक्स-रे बाहेर पडतात. 'शंका दाखवणे' आणि 'निदान करणे' यांत तर लायसन्सचा वर्ग बदलण्याइतकं अंतर असू शकतं.

हे वाक्य लिहिताना दोन कायदेशीर कुंपणं माहीत असू द्या, कारण इंजिनिअर मंडळींना ती सहसा ठाऊक नसतात.

एक, २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं. एआयच्या प्लॅटफॉर्मने रुग्णाला थेट सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहून द्यायचं नाही. नोंदणीकृत डॉक्टरला मदत केलेली चालते. रुग्णाशी मराठीत बोलून गोळी सुचवणारा चॅटबॉट ही कल्पना मनात असेल तर ती इथेच थांबते. डॉक्टर-रुग्ण संभाषण ऐकून नुसती टिपणं काढणारं सॉफ्टवेअर वेगळं, आणि त्याच टिपणांवरून आजार सुचवणारं वेगळं. दुसरं मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येत सहज जाऊ शकतं.

दोन, गर्भलिंग निदानाला मनाई करणारा पीसीपीएनडीटी कायदा, १९९४. गरोदरपणातल्या सोनोग्राफीवर काम करायचं असेल तर गर्भाचं लिंग कोणत्याही रूपात बाहेर पडता कामा नये. स्क्रीनवर नको, लॉगमध्ये नको, तुमच्या सर्व्हरवरच्या लेबलांतही नको. महाराष्ट्राने या विषयावर १९८८ मध्ये, देशाच्या आधी, स्वतःचा कायदा केला होता आणि इथली तपासणी कडक असते. मशीन कोणाच्या नावावर नोंदलंय, ते कुठे वापरायचं, फॉर्म एफ (गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद) कोणी भरला, सगळं बघितलं जातं. पहिल्याच प्रॉडक्टसाठी मी हा रस्ता कोणालाच सुचवणार नाही.

पायरी ३: एक ओळ कोड लिहिण्याआधी कागदावर हिशोब

गुंतवणूकदार 'अॅक्युरसी किती' असं विचारतात. तो प्रश्न निरुपयोगी आहे. हजारात तीन रुग्ण असतील तर सगळ्यांना 'निरोगी' म्हणणारं मॉडेलही ९९.७ टक्के अचूक निघतं.

आयसीएमआरच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत दर लाखामागे ३१६ जणांना फुफ्फुसाचा टीबी आढळला. म्हणजे १०,००० जणांचं शिबिर घेतलं तर साधारण ३२ रुग्ण. तुमच्या मॉडेलची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडतात) ९० टक्के असेल तर त्यातले २९ सापडतील, ३ निसटतील. आता उरलेले ९,९६८ निरोगी लोक. स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती निरोगीच ठरतात) ७० टक्के असेल तर त्यांच्यातल्या २,९९० जणांवर नाहक शंका येईल. म्हणजे ३,०१९ 'शंकास्पद' लोकांत खरे रुग्ण २९.

पहिल्यांदा बघताना हे भयंकर वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये टीबीच्या प्राथमिक चाळणीसाठी किमान अपेक्षा ठेवली होती ती हीच: सेन्सिटिव्हिटी ९०, स्पेसिफिसिटी ७०. कारण तुलना कशाशी, हे महत्त्वाचं. १०,००० जणांची मॉलेक्युलर चाचणी करायची तर खर्च झेपत नाही, ती सुमारे ३,००० जणांवर आली. नुसतं 'खोकला आहे का' विचारलं तर लक्षणं नसलेले रुग्ण हातचे जातात. त्याच सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते.

आता तेच मॉडेल पुण्यातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये बसवा. तीन हजार नोकरदार लोकांना 'टीबीची शंका' असा मेसेज गेला की संध्याकाळपर्यंत हॉस्पिटल तुमचं सॉफ्टवेअर बंद करेल. मॉडेल तेच, वाक्य बदललं. तिथे 'शंकास्पद' म्हणण्याचा उंबरठा वेगळा ठेवावा लागतो. कदाचित तिथे तुमची गरजच नसते, कारण रेडिओलॉजिस्ट शेजारच्या खोलीत बसलेला असतो.

हा हिशोब तुमच्या आजारासाठी करा. किती रुग्ण, किती नाहक शंका, प्रत्येक शंकेमागे पुढची तपासणी कोणती आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून. उत्तर एका पानात बसत नसेल तर आजार बदला.

पायरी ४: डॉक्टर भागीदार

सल्लागार म्हणून लेटरहेडवर नाव टाकलेले पाच नामवंत डॉक्टर आणि आठवड्याचे दोन दिवस खरोखर देणारा एक तरुण एमडी, यांत दुसरा घ्या. त्याला शेअर्स द्या, पण सगळ्यांसाठी असतं तसं चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर्स टप्प्याटप्प्याने मिळणं) आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही) लावून. मैत्रीत हे बोलायला अवघड जातं. तरी बोला.

भागीदार सरकारी मेडिकल कॉलेजात नोकरीला असेल तर त्याला परस्पर डायरेक्टर करू नका. सेवा नियमांची परवानगी आधी. तुमच्या स्वतःच्या नोकरीच्या करारातही डोकावून घ्या. नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीचा, अशी ओळ बहुतेक आयटी करारांत असते.

आणि एक लक्ष्मणरेषा. 'डॉक्टर, तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक स्कॅनमागे तुम्हाला इतके रुपये' अशी योजना कधीही आखू नका. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांत रेफरलसाठी कमिशन घ्यायला मनाई आहे. कट प्रॅक्टिसला सॉफ्टवेअरचा सदरा घातला म्हणून ती वेगळी होत नाही. लेबलिंगचं किंवा सल्ल्याचं मानधन द्यायचं, तर लेखी कराराने, तासांवर आणि चेकने.

पायरी ५: डेटा, म्हणजे एथिक्स कमिटी

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून इथे जरा थांबू या.

'डीनसाहेब ओळखीचे आहेत, हार्ड डिस्क घेऊन या म्हणालेत' हा डेटा मिळवण्याचा मार्ग नव्हे. त्या हार्ड डिस्कवर बांधलेलं मॉडेल पुढे लायसन्सच्या वेळी, परदेशी भागीदाराच्या तपासणीत किंवा पेपर छापताना अडकतं. रस्ता असा: हॉस्पिटलमधला एक डॉक्टर प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर (अभ्यासाचा प्रमुख), त्याच्यासोबत प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), मग संस्थेची एथिक्स कमिटी. कमिटी नोंदणीकृत आहे ना ते बघा. मंजुरीच्या पत्रावर नोंदणी क्रमांक असायला हवा. जुने, ओळख पुसलेले एक्स-रे असतील तर प्रत्येक रुग्णाच्या संमतीतून सूट मागता येते. ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. आयसीएमआरने २०२३ मध्ये वैद्यकीय एआयसाठी वेगळी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. प्रोटोकॉल लिहिण्याआधी ती वाचा, कारण कमिटीचे प्रश्न तिथूनच येतात. नव्याने रुग्ण घेणारा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी.

हॉस्पिटलबरोबरच्या एमओयूत तीन कलमं वकिलाकडून नीट लिहून घ्या: व्यावसायिक मॉडेल ट्रेन करायला डेटा वापरता येईल का, करार संपल्यावर डेटाचं आणि ट्रेन झालेल्या मॉडेलचं काय, आणि हॉस्पिटलला मोबदला काय. 'संशोधनासाठी' एवढाच शब्द असेल तर पुढे वाद नक्की.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा डीपीडीपी कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. उपाय एकच: ओळख हॉस्पिटलच्या आवारातच पुसा, तुमच्या क्लाउडवर आल्यावर नव्हे. हॉस्पिटलमध्ये एक छोटा संगणक, त्यावर ऑर्थँकसारखा मोफत डायकॉम (वैद्यकीय चित्रांचं ठरलेलं फाइल स्वरूप) सर्व्हर आणि तुमची स्क्रिप्ट. रुग्णाचं नाव, नंबर, पत्ता पुसायचा. यूआयडी पुसायचे नाहीत, हॅश करायचे, नाहीतर एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे जोडता येत नाहीत. तारखा प्रत्येक रुग्णापुरत्या सारख्याच दिवसांनी सरकवायच्या, म्हणजे दोन तपासण्यांमधलं अंतर टिकतं. आणि हेडर पुसून भागत नाही: सोनोग्राफीत आणि स्कॅन केलेल्या फिल्म्सवर नाव चित्रातच उमटलेलं असतं, आपल्याकडे कधी देवनागरीतही. ते शोधायला वेगळं काम करावं लागतं.

डायकॉमची एक खोडी आत्ताच सांगून ठेवतो. 'फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन' नावाचा एक टॅग असतो. त्यात मोनोक्रोम२ असेल तर मोठा आकडा म्हणजे पांढरं. मोनोक्रोम१ असेल तर उलट. हा टॅग न बघता पिक्सेल वाचले तर एका कंपनीच्या मशीनचे सगळे एक्स-रे निगेटिव्हसारखे उलटे येतात. त्याच मशीनवर टीबीचे रुग्ण जास्त असतील तर मॉडेल 'उलटं चित्र म्हणजे टीबी' हे आनंदाने शिकतं आणि आकडे झकास दिसतात.

हे काल्पनिक भय नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल तपासलं. एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे ते जवळजवळ न चुकता ओळखत होतं, आणि ज्या हॉस्पिटलात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या चित्रांना जास्त गुण देत होतं. बाहेरच्या हॉस्पिटलात गेल्यावर कामगिरी घसरली. म्हणून टेस्टचा डेटा वेगळ्या हॉस्पिटलचा, वेगळ्या मशीनचा हवा. तो सुरुवातीलाच बाजूला काढून कुलूपबंद करा. विभागणी चित्रांवर नाही, रुग्णांवर करा; एकाच रुग्णाचा एक एक्स-रे ट्रेनिंगमध्ये आणि दुसरा टेस्टमध्ये गेला तर निकालाला अर्थ नाही.

आता लेबलं. टीबीसाठी 'सत्य' म्हणजे रेडिओलॉजिस्टचं मत नव्हे, थुंकीची मॉलेक्युलर चाचणी किंवा कल्चर (जंतू वाढवून बघणं). सीबीनॅट आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रुनॅट, या दोन यंत्रांचे निकाल सरकारी केंद्रांत मिळतात; एक्स-रेशी ते जोडणं हेच खरं कष्टाचं काम, कारण एक्स-रेच्या रजिस्टरमध्ये 'सुनीता' असते आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये 'सुनिता बाई'. जिथे लॅबचं उत्तर नसतंच, उदाहरणार्थ हाडाची बारीक चीर, तिथे तीन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे बघतील आणि मतभेदावर ज्येष्ठ माणूस निर्णय देईल अशी पद्धत लावा. त्यांच्यात आपसात किती एकमत आहे ते मोजा. तज्ज्ञच दर चार चित्रांमागे एकावर भांडत असतील तर मॉडेलने ९९ टक्के गाठले म्हणणं हास्यास्पद आहे.

फुकट डेटासेट शिकायला चांगले. अमेरिकेच्या एनआयएचच्या संचात १,१२,१२० एक्स-रे आहेत, पण लेबलं रिपोर्टच्या मजकुरातून संगणकाने काढलेली आहेत. स्टॅनफर्डच्या चेक्सपर्टची परवानगी व्यावसायिक वापराला नाही. टीबीचे माँटगोमेरी आणि शेन्झेन हे संच मिळून जेमतेम ८०० चित्रं. यांवर सराव करा, कंपनी उभारू नका.

पायरी ६: मॉडेल

हे तुम्हाला येतं, म्हणून थोडक्यात. साधं, जुनं, सिद्ध झालेलं आर्किटेक्चर घ्या. खराब चित्राला 'वाचता येत नाही' म्हणणारा वेगळा टप्पा आधी लिहा. मुख्य मॉडेलपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. प्रत्येक रिपोर्टवर मॉडेलची आवृत्ती छापा. इंटरनेट नसताना चालेल असं पहिल्या दिवसापासून धरून चला.

पायरी ७: लायसन्स

११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय हेतूचं सॉफ्टवेअरसुद्धा 'मेडिकल डिव्हाइस' झालं, आणि मेडिकल डिव्हाइस म्हणजे कायद्याच्या नजरेत 'ड्रग'. नियम २०१७ चे. धोक्यानुसार चार वर्ग: ए, बी, सी, डी. ए आणि बी वर्गाला लायसन्स १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचं झालं (ए मधली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं नंतर नुसत्या नोंदणीवर सोडली), सी आणि डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून. ए-बी साठी राज्याचं प्राधिकरण, म्हणजे महाराष्ट्रात वांद्रे-कुर्ला संकुलातलं एफडीए (अन्न व औषध प्रशासन). सी-डी साठी दिल्लीचं सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था). सॉफ्टवेअरच्या वर्गवारीची यादी सीडीएससीओने स्वतंत्र काढली आहे. तुमच्या वाक्याशी जुळणारी नोंद त्यात शोधा. ए-बी चा अर्ज फॉर्म एमडी-३, सी-डी चा एमडी-७. त्याआधी चाचणीपुरतं बनवायला एमडी-१२ वर अर्ज करून एमडी-१३ घ्यावं लागतं. तुमच्यासारखं उपकरण बाजारात आधीपासून नसेल तर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशनचा वेगळा, लांबचा रस्ता आहे.

फॉर्ममध्ये 'मॅन्युफॅक्चरिंग साइट' असा रकाना येतो तेव्हा हसू येतं, पण तुमचं बाणेरचं ऑफिस हाच तुमचा कारखाना. तिथे क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिम हवी: आयएसओ १३४८५, धोक्याच्या व्यवस्थापनासाठी १४९७१, सॉफ्टवेअरच्या प्रक्रियेसाठी आयईसी ६२३०४. शेवटच्या मानकात सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे आपले वेगळेच वर्ग आहेत; लायसन्सच्या वर्गांशी त्यांची गल्लत करू नका. त्यातच 'सूप' नावाची भानगड येते: तुम्ही न लिहिलेली प्रत्येक ओपन सोर्स लायब्ररी आवृत्तीसह नोंदवायची, ती बिघडली तर रुग्णाला काय होईल तेही लिहायचं. पिप इन्स्टॉल करून मोकळं होण्याची सवय असलेल्या टीमला हे जड जातं. सगळं शेवटी लिहायचं ठरवलं तर सहा महिने जातात. पहिल्या कमिटपासून गिटमध्येच रिक्वायरमेंट, धोका आणि टेस्ट यांना नंबर देऊन जोडत गेलात तर ऑडिटच्या वेळी छापून देता येतं. एक अनुभवी रेग्युलेटरी माणूस अर्धवेळ घ्या. मशीन लर्निंगच्या दुसऱ्या इंजिनिअरच्या आधी.

पायरी ८: आधी गुपचूप, मग उघड

पहिले काही आठवडे सॉफ्टवेअर हॉस्पिटलात चालू द्या, पण निकाल कोणालाच दाखवू नका. रोजच्या खऱ्या गर्दीत ते काय म्हणतं ते मागून ताडून बघा. मग डॉक्टरांना दाखवा आणि मोजा: त्यांचा निर्णय बदलला का? किती वेळा त्यांनी तुमचं ऐकलं नाही आणि तेच बरोबर निघाले?

गूगलचं डोळ्यांच्या रेटिनोपथीचं (मधुमेहाने डोळ्याला होणारी इजा) मॉडेल थायलंडच्या दवाखान्यांत गेलं, त्याची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली हकीगत हा या पायरीचा उत्तम धडा. प्रयोगशाळेत मॉडेल तज्ज्ञांच्या तोडीचं. प्रत्यक्षात नर्स पुरेसा अंधार नसलेल्या खोलीत फोटो घेत होत्या, आणि दर पाच फोटोंमागे एकाहून अधिक फोटो सॉफ्टवेअरने नाकारले. इंटरनेट मंद, रांग लांब, आणि फोटो नाकारला गेलेल्या रुग्णाला पुन्हा कधीतरी दुसरीकडे तज्ज्ञाकडे जा म्हणून सांगायचं. ज्याचा रोज बुडतो त्याला ते परवडत नाही. मॉडेल चुकलं नव्हतं. खोलीत अंधार करायला पडदा नव्हता. पडद्याचा खर्च तुमच्या बजेटमध्ये धरा.

पायरी ९: पैसे

सुरुवातीला हिस्सा न विकता मिळणारा पैसा शोधा. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत आणि १८ महिन्यांची असते. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्यासाठी अर्ज घेणाऱ्या संस्थांपैकी एक. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातून प्रूफ ऑफ कॉन्सेप्टसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं; ती योजना आता चालू आहे का ते आधी बघा. आयआयटी मुंबईचं बेटिक वैद्यकीय उपकरणांच्या नवउद्योजकांना हात देतं. पहिली कमाई यायला दोन वर्षं लागतील असं धरून घरचा हिशोब करा, गृहकर्जाच्या हप्त्यासकट.

खरा प्रश्न मात्र पुढचा: रोजचे पैसे कोण देणार? अमेरिकेत पेअर थेरप्युटिक्स या अॅपमधून उपचार देणाऱ्या कंपनीकडे तिथल्या एफडीएची मान्यता होती, डॉक्टर लिहूनही देत होते, पण विमा कंपन्या पुरेसे पैसे देईनात. एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी. आपल्याकडे साध्या एक्स-रेला रुग्ण काहीशे रुपये मोजतो. त्यातून फिल्म, टेक्निशियन, रेडिओलॉजिस्ट वजा जाऊन तुमच्यासाठी उरतं ते थोडंच. म्हणून एकट्या हॉस्पिटलला दरमहा सबस्क्रिप्शन विकण्यापेक्षा टेलिरेडिओलॉजी कंपनी, एक्स-रे मशीनचा विक्रेता, सरकारी कार्यक्रम किंवा रुग्ण लवकर सापडण्यात रस असलेली औषध कंपनी, यांच्यामार्फत जाणं बरं पडतं. औषध कंपनीचा पैसा घेताना मात्र वाक्य पुन्हा वाचा. स्क्रीनिंगचं साधन हळूच विक्रीचं साधन होत नाही ना, ते बघा.

सरकारी टेंडरमध्ये डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग विभाग) मान्यता असलेल्या स्टार्टअपला बयाणा रकमेतून आणि आधीच्या उलाढालीच्या अटीतून सूट मिळू शकते. पण ऑर्डर मिळणं आणि बिल निघणं यांत मार्च महिना आडवा येतो. बिल अडकलं तरी पगार थांबणार नाहीत एवढं खेळतं भांडवल नसेल तर मोठ्या सरकारी ऑर्डरच्या मागे लागू नका. सरकारी यंत्रणेशी जुळवून घ्यायचंच असेल तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या सँडबॉक्समध्ये आधी नोंदणी करा. आभा क्रमांकाशी (रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक) रिपोर्ट जोडता येणं ही अट म्हणून पुढे येऊ शकते.

पायरी १०: विकल्यानंतर

प्रत्येक केंद्रातून रोज एक आकडा बघा: शंभर एक्स-रेंमागे किती 'शंकास्पद'. तो एका केंद्रात अचानक दुप्पट झाला तर सहसा तिथे टीबीची साथ आलेली नसते. नवं मशीन आलेलं असतं, टेक्निशियन बदललेला असतो किंवा कोणी एक्स्पोजरचं सेटिंग हलवलेलं असतं. फोन करून विचारा. आकडा शून्यावर गेला तर तर लगेच.

रुग्णाला इजा झाली किंवा होता होता राहिली, तर मटेरिओव्हिजिलन्सच्या, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांवर नजर ठेवणाऱ्या, राष्ट्रीय कार्यक्रमात कळवण्याची व्यवस्था आहे. तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो. कंपनीत हे कळवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, आणि प्रॉडक्ट लायबिलिटीचा विमा पहिल्या केंद्राच्या आधी काढा.

मॉडेल नव्याने ट्रेन केलं की शुक्रवारी रात्री डिप्लॉय करायचं, ही आयटीतली सवय इथे विसरा. लायसन्स एका ठरावीक आवृत्तीला असतं. कुठला बदल कळवायचा, कुठल्यासाठी आधी मंजुरी हवी, हे नियमांत मोठा आणि किरकोळ बदल म्हणून वेगळं केलेलं आहे. अमेरिकेत पुढचे बदल आधीच लिहून मंजूर करून घेण्याची सोय एफडीएने दिली आहे, तिथे विकणार असाल तर पहिल्याच अर्जात ती योजना जोडा. नवी आवृत्ती आली की ती कुलूपबंद टेस्ट डेटावर चालवा, जुन्या आवृत्तीने बरोबर सांगितलेले किती रुग्ण नवीने गमावले त्यांची यादी काढा, आणि ती यादी डॉक्टर भागीदाराच्या सहीशिवाय पुढे जाऊ देऊ नका. एकूण आकडा सुधारला असला तरी.